समुद्री शेवाळाचा अर्क: शिवारात कधी, किती आणि कसा वापरायचा

१०:२६:२६ या रासायनिक खताच्या ५० किलोच्या एका गोणीत १३ किलो पालाश (पोटॅश) असतं. समुद्री शेवाळाचा अर्क एकरी अर्धा लिटर फवारला आणि त्यात पालाश अगदी १० टक्के धरलं, तरी पिकाला मिळतं ५० ग्रॅम. नत्र आणि स्फुरद तर त्याहूनही कमी. हा हिशोब आधी मांडतो, कारण ‘शेवाळाचं खत’ हे नाव ऐकून आमच्या सिन्नरकडच्या कित्येकांनी बाटली आणली आणि खताची गोणी कमी केली. पीक उपाशी राहिलं आणि दोष बाटलीवर गेला.

शेवाळाचा अर्क हे पिकाचं जेवण नाही. जेवण अंगी लागावं म्हणून लागणारी ती मदत आहे. सरकारनेही तो तसाच गणला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली आणि समुद्री शेवाळाचा अर्क ‘जैव उत्तेजक’ या वेगळ्या गटात आला. ह्युमिक-फुल्विक आम्ल, अमिनो आम्लं हीसुद्धा त्याच गटात आहेत. म्हणून शेणखत, माती परीक्षणानुसार रासायनिक खताची मात्रा, पाणी आणि निचरा हे आधी. बाटली त्यानंतर.

त्यात असतं काय

समुद्रातलं शेवाळ दिवसातून दोनदा भरती-ओहोटी झेलतं. कधी खाऱ्या पाण्यात, तर कधी उघड्या खडकावर कडक उन्हात. त्या ताणात तगून राहण्यासाठी जी द्रव्यं त्याच्या अंगात तयार होतात, त्यांच्यासाठीच आपण पैसे मोजतो. तपकिरी शेवाळात अल्जिनिक आम्ल, मॅनिटॉल आणि लॅमिनारिन असतं. बीटेन नावाचं द्रव्य असतं, ते पेशीतलं पाणी धरून ठेवायला मदत करतं. शिवाय सायटोकायनिन आणि ऑक्झिन ही वाढीची संप्रेरकं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. ऑक्झिनचा संबंध मुळ्या फुटण्याशी, सायटोकायनिनचा पेशी विभागण्याशी आणि पान जास्त दिवस हिरवं राहण्याशी. आपण ज्याला ‘पांढरी मुळी चालली’, ‘पिकाला काळोखी आली’ म्हणतो, ते दिसतं ते यामुळे.

संप्रेरकाचा गुण असा की थोडं दिलं तर चालना मिळते आणि जास्त दिलं तर वाढ अडते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सरगॅसम शेवाळाच्या अर्कात चवळीचं बी भिजवून केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० टक्के तीव्रतेपर्यंत रोपाची वाढ सुधारली आणि त्यापुढे घटत गेली. ‘आणखी एक झाकण टाकू, काय बिघडतंय’ ही आपली सवय इथे खरंच नुकसान करते.

बाटली घेताना

बाजारात मुख्यतः दोन घराण्यांचे अर्क मिळतात. एक ॲस्कोफायलम नोडोसम या तपकिरी शेवाळाचा. हे उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर, म्हणजे नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाकडे वाढतं. बहुतेक वेळा ते पोटॅशच्या अल्कलीत विरघळवून अर्क काढतात, म्हणून त्या अर्काचा सामू (पीएच) चढा असतो. दुसरं कप्पाफायकस, लाल गटातलं. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या मंडपम भागात मच्छीमार कुटुंबं, त्यातही बाया मोठ्या संख्येने, बांबूच्या ३ मीटर बाय ३ मीटर तराफ्यांवर त्याची शेती करतात. साधारण ४५ दिवसांत काढणी येते. ताजं शेवाळ चिरडून रस काढायचा आणि उरलेल्या चोथ्यापासून खाद्यउद्योगाला लागणारं कॅराजिनन मिळवायचं, ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केली.

हा फरक सांगायचं कारण मात्रेत आहे. त्या ताज्या रसाचे प्रयोग ५, १०, १५ टक्के अशा तीव्रतेने होतात. कोरडवाहू सोयाबीनवरचा एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ टक्के रसाच्या फवारणीने दाण्याचं उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा अनेक जाहिरातींतून फिरतो, पण तो एका ठिकाणच्या प्रयोगाचा आहे आणि कच्च्या रसाचा आहे. १५ टक्के म्हणजे लिटरला १५० मिली. दुकानातला अर्क घट्ट केलेला असतो, तो लिटरला १५० मिली टाकला तर पान करपेल. आणि ५७ टक्के वाढ मनात धरून बाटली घेऊ नये. असे आकडे प्रत्येक शिवारात निघत नाहीत.

लेबलवर मी या गोष्टी बघतो: शेवाळाचं नाव, अर्काचं टक्क्यात प्रमाण, जैव उत्तेजक म्हणून नोंदणीचा उल्लेख, कोणत्या पिकासाठी किती मात्रा, बॅच क्रमांक, मुदत. ‘समुद्री घटकांचं अनोखं मिश्रण’ एवढंच लिहिलं असेल तर ती बाटली परत ठेवतो. काळा रंग आणि दाटपणा यावर जाऊ नका, ते ह्युमिकनेही येतात. फवारल्यावर तीन-चार दिवसांत पीक एकदम उंच पळायला लागलं, तर खूश होण्याऐवजी शंका घ्या. शेवाळाचा परिणाम इतका झटपट नसतो, त्यात बाहेरून संप्रेरक मिसळलेलं असू शकतं.

द्राक्ष बागायतदारांनी तर पक्कं बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवावाच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ती झळ नाशिक-सांगलीकडे कोणी विसरलेलं नाही. जैव उत्तेजकात कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.०१ भाग) जास्त चालत नाही, असा नियम आता आहे. निर्यातीचा माल असेल तर विक्रेत्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागायला संकोच करू नका.

टाकी भरण्याआधीची बाटली-चाचणी

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. टोमॅटोला ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडायचं होतं. मजूर नव्हते, वेळ वाचावा म्हणून त्याच टाकीत शेवाळाचा अर्क ओतला. अर्ध्या तासात फिल्टरवर शेंबडासारखा थर बसला आणि शेवटच्या लॅटरलचे ड्रीपर बंद पडले. ऐन फुलोऱ्यात दोन दिवस पाणी नाही.

कारण साधं आहे. तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट आणि कॅल्शियम भेटले की जेली बनते. ती पाण्यात विरघळत नाही. तांब्याच्या बुरशीनाशकांबरोबरही तेच घडतं. फॉस्फरिक आम्लासारखं तीव्र आम्ल मिसळलं तर अल्जिनिक आम्ल फाटून खाली बसतं. म्हणून कॅल्शियम नायट्रेट, बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड, गंधक आणि तीव्र आम्लं यांच्याबरोबर शेवाळ नको. ठिबकमधून द्यायचं तर कॅल्शियम आणि शेवाळ यांच्यात तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा आणि आधी-नंतर साध्या पाण्याने लाइन धुऊन घ्या.

बाकी कशाबरोबरही मिसळण्याआधी एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. पाणी तुमच्याच विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, नळाचं नको. ज्या प्रमाणात टाकीत टाकणार त्याच प्रमाणात औषध आणि अर्क टाका, हलवा, अर्धा तास ठेवा. धागे, गुठळ्या, खाली गाळ किंवा वर साय दिसली तर मिश्रण रद्द. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नसेल, तर नुसत्या अर्कानेही गाळ बसू शकतो. अशा वेळी शेततळ्याचं पाणी वापरावं.

सामूचंही बघा. अल्कलीत काढलेला अर्क टाकीतल्या पाण्याचा सामू वर नेतो आणि काही कीटकनाशकं अशा पाण्यात लवकर निकामी होतात. सामूपट्टी स्वस्त मिळते. कीटकनाशकासोबत फवारायचं असेल तर द्रावण ६ ते ७ च्या दरम्यान हवं. ते जमत नसेल तर अर्क वेगळा फवारा.

मात्रा आणि फवारणी

लेबल सांगेल ते पहिलं. साधारणपणे द्रवरूप अर्क फवारणीला लिटरला २ ते ३ मिली आणि विद्राव्य पावडर अर्धा ते एक ग्रॅम लागते. २.५ मिली धरली तर १५ लिटरच्या पंपाला ३७-३८ मिली, २० लिटरच्या पंपाला ५० मिली. एकरी २०० लिटर पाणी लागलं तर अर्धा लिटर अर्क. झाकणाने मोजू नका, प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं असतं. औषधाच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मापाची पेली मिळते, ती फवारणीच्या पेटीत कायम ठेवा.

बाटली आधी चांगली हलवा, तळाशी साका असतो. अर्क बादलीभर पाण्यात वेगळा विरघळवून फडक्यातून गाळा. टाकी निम्मी भरली की पावडर स्वरूपातली औषधं, मग द्रव औषधं, आणि शेवाळाचं पाणी सगळ्यात शेवटी.

फवारणी सकाळी दव सुकल्यावर नऊ-साडेनऊपर्यंत उरकावी, नाहीतर उन्हं उतरल्यावर करावी. भर उन्हात थेंब पानावरच वाळतो आणि आत जायचं राहून जातं. फवारणीनंतर चार-पाच तास पावसाची उघडीप हवी. जमिनीत वाफसा (ना चिखल ना कोरड, अशी ओल) असताना फवारलेलं चांगलं लागू पडतं. पीक माना टाकून उभं असताना फवारणारे पुष्कळ आहेत. पण तेव्हा पानांची छिद्रं मिटलेली असतात. पावसाचा खंड पडणार असं दिसलं तर पीक सुकायच्या आधी, अंगात ओल असताना फवारा. ताण सोसायची तयारी ताण येण्याआधीच करावी लागते. आणि शेतात पाणी साचून पीक पिवळं पडलं असेल तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा. बुडालेल्या मुळीला शेवाळ वाचवू शकत नाही.

कांदा

कांद्याला याचा उपयोग मला सर्वात जास्त पटला, तो रोप लावताना. उपटलेल्या रोपाची मुळी तुटलेली असते, नवी पांढरी मुळी फुटेपर्यंत ते नुसतं तग धरून असतं. घमेल्यात लिटरला २-३ मिली अर्काचं पाणी करा आणि जुड्यांची फक्त मुळं १०-१५ मिनिटं बुडवा, पात नको. बुरशीनाशकातही बुडवायचं असेल तर दोन्हींची बाटली-चाचणी करूनच एकत्र करा.

लागवडीनंतर १०-१२ दिवसांनी वाफशावर आळवणी (मुळाशी अर्काचं पाणी ओतणं) किंवा ठिबकमधून एकरी अर्धा ते एक लिटर. मग ३० आणि ४५ दिवसांच्या सुमारास एकेक फवारणी. कांद्याची पात मेणचट आणि उभी असते, थेंब घरंगळून जातो. स्टिकर (थेंब पानाला चिकटवणारं द्रव्य) लिटरला अर्धा मिली घातल्याशिवाय फवारू नका. ६० दिवसांनंतर मी थांबतो. त्यापुढे कांदा फुगवणीकडे वळतो, तेव्हा पात हिरवीगार ठेवत बसलो तर मान जाड राहते आणि असा कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळी कांदा साठवणारांनी हे कटाक्षाने पाळावं.

सोयाबीन, कापूस, भाजीपाला

सोयाबीनचं बी अर्कात भिजवू नका. त्याची साल नाजूक असते, ओली झाली की सुटते आणि उगवण घटते. पेरणीनंतर २५-३० दिवसांनी, फांद्या फुटताना, पहिली फवारणी करावी. या वेळी झाड लहान असतं, एकरी १५० लिटर पाणी पुरतं. दुसरी शेंगा लागताना, ४५-५० दिवसांच्या आसपास. एकच परवडत असेल तर दुसरी ठेवा, कारण शेंगेचा लाग आणि दाणे भरणं तिथे ठरतं.

कापसाला पाते (कळ्या) लागताना आणि बोंडं धरताना. टोमॅटो, मिरची, वांग्याला रोपाच्या ट्रेवर एक हलकी आळवणी, लावल्यावर १५ दिवसांनी दुसरी, मग पहिल्या फुलांना आणि सेटिंगला (फळ धरताना) फवारणी. फूलगळ थांबवण्यासाठी फवारत असाल तर आधी कारण शोधा. फुलकिडे किंवा बोरॉनची कमतरता असेल तर शेवाळाने गळ थांबणार नाही.

कोकणातल्यांनी घरी करायचा अर्क

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांच्या दाराशी समुद्र आहे, त्यांनी बाटलीवर पैसे घालवायची गरज नाही. पावसाळा संपला की खडकाळ किनाऱ्यांवर सरगॅसम वाहून येतं. तपकिरी, लांबट पानं आणि मण्यांसारख्या हवेच्या छोट्या गाठी, ही त्याची खूण. वाळूवर नुकतं येऊन पडलेलं, न कुजलेलं तेवढंच उचला. खडकावरचं जिवंत शेवाळ खरवडू नका, माशांची पिल्लं त्याच्या आडोशाने वाढतात. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्या हद्दीतून काहीच आणू नका. बंदर, गटार किंवा तेलाचा तवंग असलेल्या जागेचं शेवाळही नको. शेवाळ जड धातू शोषून घेतं.

आणल्यावर वाळू झटका आणि गोड्या पाण्याने दोनदा खळखळून धुवा. वरचं मीठ यात निघतं. जास्त वेळ भिजत ठेवलं तर कामाची द्रव्यंही वाहून जातात. बारीक चिरून किलोला एक लिटर पाणी घाला आणि मंद आचेवर तासभर उकळा. निवल्यावर दुहेरी फडक्यातून पिळून गाळा. हा मूळ अर्क. फवारणीला १० लिटर पाण्यात अर्धा ते एक लिटर, म्हणजे ५ ते १० टक्के. आधी दोन-चार झाडांवर मारून तीन दिवस थांबा, पानाच्या कडा करपल्या तर आणखी पातळ करा. कांदा, घेवडा यांना खारेपणा अजिबात सोसत नाही, नारळाला बराच सोसतो. म्हणून भाजीसाठी हात आखडता ठेवा आणि चोथा नारळाच्या आळ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाका. उकळलेला अर्क सावलीत तीन-चार दिवसच टिकतो, गरजेपुरताच करा.

आयर्लंडच्या अरान बेटांवर नुसता कातळ होता. तिथल्या लोकांनी वाळू आणि शेवाळाचे थर पिढ्यान्‌पिढ्या टाकून माती केली आणि त्यात बटाटा पिकवला. आपल्या कातळावर राहणाऱ्या माणसाला हे वाचून हुरूप यावा. पण तिथे पाऊस भरपूर, मीठ धुऊन जातं. आपल्याकडे कच्चं शेवाळ थेट मातीत घालायचं असेल तर ते पावसाळ्याच्या तोंडावर घालावं.

फरक पडला की नाही, कसं कळणार

दरवर्षी मी वावराच्या मधोमध चार सऱ्या सोडतो. बांधाकडेच्या नाही, तिथलं पीक तसंही वेगळं असतं. त्या चार सऱ्यांवर त्याच दिवशी नुसतं पाणी आणि स्टिकर फवारतो. नुसतं पाणी मारलं तरी कोरड्या हवेत पान टवटवीत होतं, त्याचं श्रेय अर्काला जाऊ नये. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. काळोखी डोळ्यांना दिसते, पण उत्पन्न तराजूवरच कळतं. पावसाने ओढ दिलेल्या एका वर्षी सोयाबीनमध्ये फरक स्पष्ट निघाला. पाऊस वेळेवर झाला त्या वर्षी वजनात काहीच निघालं नाही.

मोजायचं किती ते खर्चावरून ठरवा. समजा अर्क लिटरला ६०० रुपये, दोन फवारण्यांना मिळून एक लिटर, आणि दोन्हींची मजुरी ८०० रुपये. एकरी खर्च १,४०० रुपये. सोयाबीन क्विंटलला ४,२०० रुपयांनी गेलं तर हा खर्च भरून निघायला एकरी ३३ किलो जास्त पिकायला हवं. गुंठ्याला झाले साधारण ८०० ग्रॅम. एकरी ८ क्विंटल येणाऱ्या शेतात गुंठ्याचं पीक २० किलो असतं, त्यात ८०० ग्रॅमचा फरक ओंजळभर जागा कापून कधीच पकडता येणार नाही. फवारलेल्या भागात तीन ठिकाणी आणि सोडलेल्या सऱ्यांत तीन ठिकाणी सारख्या मापाचे तुकडे आखा, जमलं तर प्रत्येकी अर्धा गुंठा. सहाही ढीग वेगळे मळा, सारखे वाळवा, वजन वहीत लिहा. कीटकनाशकाच्या फवारणीतच अर्क बसत असेल तर मजुरीचे ८०० वजा करा. मग एकरी १४-१५ किलोवरच खर्च निघतो.